लोड बॅलन्सर निवडताना: किल्ली कोणाच्या हातात?

३० ऑक्टोबर २०१३ रोजी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांतलं एक हाताने काढलेलं रेखाचित्र छापलं. एका बाजूला सार्वजनिक इंटरनेट, दुसऱ्या बाजूला गूगलचा क्लाउड आणि दोघांच्या मध्ये गूगलचा दर्शनी सर्व्हर. त्याच्याकडे बाण काढून अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेतल्या कोणीतरी लिहिलं होतं, की एसएसएल (जोडणी एन्क्रिप्ट करणारी पद्धत) इथे चढवलं आणि उतरवलं जातं. शेजारी हसरा चेहरा होता. वापरकर्त्यापासून त्या सर्व्हरपर्यंत माहिती एन्क्रिप्ट होऊन येत होती, पण पुढे डेटा सेंटरांना जोडणाऱ्या खासगी तारांवरून ती उघडी जात होती. त्यामुळे एन्क्रिप्शन फोडायची गरजच नव्हती. ते जिथे संपतं त्याच्या पलीकडे कान लावला की पुरे. त्यानंतर गूगलने आतले दुवेही एन्क्रिप्ट केले.

लोड बॅलन्सर निवडताना बहुतेक चर्चा सेकंदाला किती विनंत्या झेपतात आणि दर काय, यावरच होते. एन्क्रिप्टेड सेवेसाठी त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे: एन्क्रिप्शन नेमकं कुठे संपतं आणि त्या जागी प्रायव्हेट की, म्हणजे सेवेची ओळख सिद्ध करणारी गुप्त किल्ली, कोणाकडे असते?

येणारी वर्दळ अनेक सर्व्हरांत वाटून देणं हे लोड बॅलन्सरचं काम. नेटवर्कचं काम सात स्तरांत मांडलं जातं, आणि हे वाटप त्यांतल्या दोन स्तरांवर होतं. चौथ्या स्तरावरचा बॅलन्सर फक्त आयपी पत्ता आणि पोर्ट बघतो आणि आलेले बाइट जसेच्या तसे पुढे ढकलतो. सातव्या स्तरावरचा बॅलन्सर एचटीटीपी विनंती वाचतो. कोणता पत्ता मागितला, कुकी कोणती, हे पाहून सर्व्हर ठरवतो. पण वाचायचं तर आधी टीएलएस (एसएसएलचा आजचा अवतार) उलगडावं लागतं, आणि त्यासाठी तुमच्या प्रमाणपत्राची, म्हणजे संकेतस्थळाच्या डिजिटल ओळखपत्राची, प्रायव्हेट की त्याच्या हाती द्यावी लागते.

यावर हमखास सुचवला जाणारा मधला मार्ग म्हणजे बॅलन्सरवर उलगडायचं आणि मागच्या सर्व्हरकडे पाठवताना पुन्हा एन्क्रिप्ट करायचं. आराखड्यात दोन्ही बाजूंना कुलूप दिसतं आणि सगळ्यांचं समाधान होतं. मधल्या यंत्राच्या मेमरीत मात्र सगळं उघडंच असतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये इतरांच्या संकेतस्थळांची वर्दळ हाताळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या अशाच मधल्या सर्व्हरांतल्या एचटीएमएल पार्सरमधल्या (वेबपानाचा कोड वाचणाऱ्या भागातल्या) दोषामुळे मेमरीतले तुकडे भलत्याच वेबपानांमध्ये मिसळून बाहेर पडले. त्यांत इतर संकेतस्थळांच्या कुकीज आणि लॉगिनची टोकनंही (लॉगिन झाल्याची खूण असलेले संकेत) होती, आणि काही तर शोधयंत्रांच्या साठ्यात जाऊन बसली होती. शिवाय, पुन्हा एन्क्रिप्ट करणारा बॅलन्सर समोरचा सर्व्हर खरा आहे का, हे तपासतोच असं नाही. एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेचा ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर मागच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र पडताळत नाही. हे त्याच्या दस्तऐवजांतच लिहिलेलं आहे.

दुसरा मार्ग पासथ्रूचा. बॅलन्सरकडे की नसतेच. टीएलएस थेट मागच्या सर्व्हरवर उलगडतं. एचएप्रॉक्सी आणि एनजिनएक्स ही सॉफ्टवेअर अनुक्रमे टीसीपी मोडमध्ये आणि स्ट्रीम मॉड्यूलने, आणि एडब्ल्यूएसचा नेटवर्क लोड बॅलन्सर टीसीपी लिसनरवर (बाइट न उलगडता स्वीकारणाऱ्या पोर्टवर) हे करतो. मग अनेक सेवा एकाच आयपीवर असतील तर कोणती जोडणी कुठे धाडायची? टीएलएसचा पहिला संदेश, क्लायंट हॅलो, इथे कामी येतो. त्यात ज्या सर्व्हरशी बोलायचंय त्याचं नाव सहसा उघडं असतं, अगदी २०१८ साली प्रमाणित झालेल्या टीएलएस १.३ मध्येसुद्धा. ही सोय असलेला बॅलन्सर पत्ता आणि पोर्टखेरीज तेवढं नाव वाचतो, बाकीच्याला हात लावत नाही.

यात एक खड्डा आहे. समजा, दोन सेवांची नावं एकाच वाइल्डकार्ड प्रमाणपत्राखाली (एका डोमेनच्या सगळ्या उपनावांना चालणाऱ्या) आणि एकाच आयपीवर आहेत. एचटीटीपी/२ वापरणारा ब्राउझर पहिल्या सेवेसाठी उघडलेल्या जोडणीवरूनच दुसऱ्या सेवेच्या विनंत्याही पाठवू लागतो. बॅलन्सरने नाव फक्त सुरुवातीला वाचलेलं असतं, त्यामुळे त्या विनंत्या चुकीच्या सर्व्हरवर जातात. अशा वेळी सर्व्हरने ४२१ (विनंती चुकीच्या ठिकाणी आली) हा प्रतिसाद द्यावा, म्हणजे ब्राउझर नवी जोडणी उघडू शकतो. त्याहून बरं म्हणजे प्रमाणपत्रंच वेगळी ठेवावीत.

पासथ्रूची किंमतही आहे. वापरकर्त्याचा खरा आयपी पत्ता हेडरमध्ये घालून पाठवता येत नाही. बॅलन्सर तो पत्ता पॅकेटमध्ये जसाच्या तसा ठेवत नसेल, तर त्यासाठी एचएप्रॉक्सीचे जनक विली तारो यांनी आखलेला प्रॉक्सी प्रोटोकॉल दोन्ही टोकांना लागतो. प्रमाणपत्रं प्रत्येक सर्व्हरवर सांभाळावी लागतात. वाटप विनंत्यांचं नाही, जोडण्यांचं होतं. जीआरपीसीसारख्या (सेवांनी एकमेकींशी बोलायची एक पद्धत) दीर्घकाळ चालणाऱ्या जोडण्या असतील तर जुने सर्व्हर धापा टाकत असतात आणि नव्याने जोडलेले रिकामे बसतात. ठरावीक वेळाने सर्व्हरने स्वतःहून जोडणी बंद करणं, हा त्यावरचा साधा उपाय.

क्विक (टीसीपीऐवजी यूडीपीवर चालणारा, एचटीटीपी/३ चा पाया असलेला प्रोटोकॉल) वापरत असाल तर आणखी एक गोष्ट पाहा. फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला की त्याचा पत्ता बदलतो, पण क्विकची जोडणी कनेक्शन आयडीमुळे टिकू शकते. फक्त पत्ता आणि पोर्ट बघून वाटप करणारा बॅलन्सर ते पॅकेट भलत्याच सर्व्हरकडे देतो आणि जोडणी तुटते.

आता खऱ्या अर्थाने एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड सेवा, म्हणजे जिथे मजकुराच्या किल्ल्या फक्त वापरकर्त्यांच्या उपकरणांवर असतात. तिथे टीएलएस बॅलन्सरवर उलगडलं तर बिघडलं कुठे, आत सांकेतिक मजकूरच तर आहे, असा युक्तिवाद होतो. मला तो अपुरा वाटतो. लॉगिनची टोकनं, कोण कोणाशी केव्हा बोललं, फाइल किती मोठी, हे सगळं तिथे दिसतं. त्याहून गंभीर बाब वेब आवृत्तीची. ब्राउझरमध्ये एन्क्रिप्शन करणारा जावास्क्रिप्ट कोडच त्या बॅलन्सरमधून जातो. ज्याच्या ताब्यात ती जागा, तो एखाद्याच वापरकर्त्याला बदललेला कोड देऊ शकतो आणि त्याची किल्ली मिळवू शकतो.

म्हणून अशा सेवेसाठी माझा कौल असा: ॲपचा कोड आणि एपीआय (ॲप ज्यातून सर्व्हरशी बोलतं तो दुवा) चौथ्या स्तरावरच्या बॅलन्सरमागे, पासथ्रूने, माहितीपर पानं आणि मदत विभाग खुशाल सातव्या स्तरावर, पण वेगळ्या डोमेनवर, वेगळ्या प्रमाणपत्रासह.