रास्पबेरी पायचा डबा: खोक्यापासून खिडकीच्या सेक्शनपर्यंत

२९ फेब्रुवारी २०१२ ला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक विक्रीला आला, तेव्हा ३५ डॉलरमध्ये मिळायचा तो नुसता बोर्ड. एटीएम कार्डाएवढा, मधोमध चिप, कडेने सॉकेट. चार्जर नाही, मेमरी कार्ड नाही, डबा तर नाहीच. तो बनवणाऱ्या केंब्रिजच्या मंडळींना मुलांच्या हातात स्वस्त संगणक द्यायचा होता आणि प्लास्टिकचा साचा बनवायचा म्हणजे माल विकण्याआधीच मोठी रक्कम अडकते. मग डब्याचं काम घेणाऱ्यावर सोपवलं गेलं.

असं काही पहिल्यांदाच होत नव्हतं. १९७६ मधला अ‍ॅपल-१ सुद्धा ६६६.६६ डॉलरला नुसता बोर्ड म्हणूनच मिळायचा, आणि घेणारे सुताराकडून नाहीतर स्वतः पेटी करून घ्यायचे. अ‍ॅपल-१ म्हटलं की आज जी लाकडी पेटी डोळ्यांपुढे येते, ती कंपनीची नव्हे, गिऱ्हाइकांची.

पायच्या पहिल्या बोर्डांना तर स्क्रू मारायला भोकही नव्हतं, त्यामुळे जो काही डबा होईल तो बोर्डाला कडेने धरून ठेवणारा हवा. पहिल्याच वर्षी जाड कागदावर छापून, कापून, घडी घालायचा फुकट नमुना आला. कोणी लेगोच्या ठोकळ्यांत बोर्ड बसवला. शेफील्डच्या पिमोरोनीने रंगीत अ‍ॅक्रेलिकचे थर एकावर एक रचून केलेली केस विकायला काढली. आपल्याकडे बोर्ड ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात यायचा, तेच खोकं ब्लेडने खाचा पाडून वापरणारे बरेच. जळगाव-धुळ्याकडच्या इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टांत त्याच्या पुढची पायरी म्हणजे इलेक्ट्रिकच्या दुकानातला पीव्हीसीचा जंक्शन बॉक्स. स्वस्त, भिंतीवर ठोकता येतो, आणि गरम केलेल्या पात्याने हवी तिथे वाट पाडता येते.

मग जुलै २०१४ मध्ये पायचं बी प्लस हे नवं मॉडेल आलं आणि तोवरचे बहुतेक डबे एका झटक्यात निकामी झाले. सॉकेटांच्या जागा बदलल्या, मोठं एसडी कार्ड जाऊन मायक्रो एसडी आलं, बाहेरची उपकरणं जोडायच्या पिना २६ च्या ४० झाल्या. कागदवाल्याने नवा नमुना छापला, जंक्शन बॉक्सवाल्याने नवं भोक पाडलं. विकतची केस घेतलेला मात्र अडकला. त्या बदलात एक गोष्ट फार चांगली झाली: चार कोपऱ्यांना ५८ बाय ४९ मिलीमीटर अंतरावर चार भोकं आली, आणि पुढच्या मोठ्या मॉडेलांनी ती जागा सोडली नाही. अडचण एवढीच की भोकं २.७ मिलीमीटरची. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा ३ मिलीमीटरचा स्क्रू त्यात जात नाही, अडीचचा शोधत फिरावं लागतं.

फेब्रुवारी २०१५ च्या पाय २ ची गंमत सांगितलीच पाहिजे. उघड्या बोर्डाचा झेनॉन फ्लॅश मारून फोटो काढला की तो बंद पडायचा. पॉवरच्या एका चिपवर आवरण नव्हतं आणि तिला तो उजेड सहन होत नव्हता. अपारदर्शक डब्यात घातला की तक्रार संपली. त्याच वर्षी कंपनीची लाल-पांढरी अधिकृत केसही आली.

पत्र्याच्या डब्याचे दिवस २०१६ मध्ये फिरले. तोवर वायफायसाठी यूएसबीला डोंगल लावावा लागे आणि तो डब्याच्या बाहेर राही. आत इन्सुलेशनला जाड प्लास्टिक घातलं की बिस्किटाचा डबाही चाले. पाय ३ मध्ये अँटेना बोर्डावरच आली आणि पत्रा सिग्नल अडवू लागला. अमळनेरला १९४५ मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने वनस्पती तूप करणारी कंपनी सुरू झाली; तीच पुढे विप्रो होऊन संगणकांत शिरली. तुपाच्या डब्यातून संगणक काढायचा तर खान्देशाएवढा हक्क कोणाचा? पण वायफायपुढे तो हक्क चालत नाही.

खरी परीक्षा जून २०१९ च्या पाय ४ ने घेतली. वेग वाढला, तशी उष्णताही. चिप ८० अंशांच्या आसपास गेली की स्वतःचा वेग कमी करते, आणि बंद अधिकृत केसमध्ये तिथवर पोहोचायला तिला फार वेळ लागत नसे. २०२० च्या अखेरीस त्या केससाठी वेगळा पंखा विकायला आला. माझ्या मते केसचा तो आराखडाच थंड देशाचा होता. २० अंशांच्या खोलीत चिपला चढायला ६० अंश मिळतात. मे महिन्यात भुसावळात पारा ४५ च्या पुढे गेला की ३५ सुद्धा उरत नाहीत.

म्हणून इथे डबा बंद करण्यापेक्षा उघडा ठेवण्याकडे कल. नेमप्लेट आणि ट्रॉफ्या करणाऱ्यांकडे लेझर मशीन असते. तिथून ३ मिलीमीटर अ‍ॅक्रेलिकचे दोन तुकडे कापून घ्यायचे, मध्ये अंतर राखणारे स्पेसर, चारही बाजू मोकळ्या. सनबोर्ड, म्हणजे पीव्हीसीच्या फोमचा हलका बोर्ड, नेला तर जाणकार दुकानदार लेझरला हात लावू देत नाही, कारण पीव्हीसी जळताना क्लोरीनयुक्त विषारी वायू सुटतो. तो पात्यानेच कापावा.

मोकळ्या बाजूंनी धूळ येते, आणि जिनिंगच्या हंगामात कापसाचा तूस पंख्याच्या पात्यांना चिकटतो. २०२३ च्या पाय ५ ला पंख्याविना जड काम झेपणं कठीण, म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनी ब्रश हातात घेणं आलंच. हलक्या कामाला पाय ४ वापरणाऱ्यांनी स्लायडिंग खिडक्या करणाऱ्यांकडून अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचा उरलेला तुकडा आणावा. थर्मल पॅड, म्हणजे उष्णता वाहून नेणारी मऊ चकती, लावून तो तुकडा चिपवर घट्ट दाबून बसवला की पंखा लागत नाही. तुकडा अँटेनाच्या कोपऱ्यावर येऊ देऊ नये. येतच असेल तर सरळ लॅनची केबल जोडावी.