रेडिएटर गळतोय? लीक-स्टॉप ओतण्याआधी हे वाचा

"दुरुस्त होईल, की नवीनच टाकावा लागेल?" हा प्रश्न आम्हाला गॅरेजमध्ये रोज फोनवर विचारला जातो. गाडी न बघता आम्ही त्याचं उत्तर देत नाही, आणि काही जणांना ते आवडत नाही. पण गळती नेमकी कुठे आहे यावर सगळं ठरतं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, होजच्या (रबरी नळीच्या) क्लिपमधून, वॉटर पंपातून किंवा रेडिएटरच्या कॅपमधूनही जातं. अशा वेळी रेडिएटरला हातही लावावा लागत नाही. गाडीखाली स्वच्छ, बिनवासाचं पाणी साचत असेल तर ते बहुधा एसीचं असतं, त्याची काळजी नको. रंगीत, बोटांना बुळबुळीत लागणारं आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट. ते विषारी आहे. मुलं आणि जनावरं तिथे फिरकण्याआधी जागा धुऊन टाका.

आता मुख्य गोष्ट. गळती दिसली की अनेक जण लीक-स्टॉपची, म्हणजे आतून भोक बुजवणाऱ्या तयार मिश्रणाची, बाटली किंवा पूड ओततात आणि तापमानाचा काटा पुन्हा वर चढला की गाडी आमच्याकडे आणतात. आजच्या ॲल्युमिनियम रेडिएटरच्या नळ्या चपट्या असतात आणि आतली वाट बहुतेकदा दोन मिलिमीटरहूनही कमी असते. लीक-स्टॉप भोकाशी जमतं, तसंच जिथे प्रवाह मंद असतो तिथेही जमतं. रेडिएटरची टाकी उघडली की नळ्यांच्या तोंडांवर तपकिरी लगदा थापलेला दिसतो, बोटाने खरवडला तर निघतो. तोच लगदा केबिनच्या हीटरच्या कोअरमध्येही (त्याच्या नळ्यांच्या जाळीतही) बसतो. तो कोअर बदलायचा तर पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्ड खोलावा लागतो.

आमचा वेळ मात्र वेगळ्याच ठिकाणी जातो. बुजलेलं भोक तपासणीत दाब धरून ठेवतं. थंड इंजिनावर सगळं ठीक दिसतं आणि गाडी रस्त्यावर नीट तापली की गळती परत सुरू होते. म्हणून लीक-स्टॉप टाकलेली गाडी आली की आधी थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) काढून, दोन्ही दिशांनी पाणी सोडून, पाणी स्वच्छ येईपर्यंत फ्लशिंग करावं लागतं. खरी तपासणी त्यानंतर. बिलात फ्लशिंग वेगळं का, असं विचारतात, त्याचं कारण हेच. निर्जन रस्त्यावर अडकलात तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, साधं पाणी भरा आणि काट्यावर नजर ठेवून जवळचं गॅरेज गाठा. कॅप गरम असताना उघडू नका. आत साधारण एक बारचा दाब असतो आणि त्या दाबाखाली पाणी 120 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कॅप फिरवताच ते उसळून अंगावर येतं.

दुरुस्त काय होतं? तांबे-पितळेचा जुना रेडिएटर डाख लावून चांगला होतो, आणि त्याचा कोअर शाबूत असेल तर आम्ही स्वतःहून नवीन सुचवत नाही. प्लॅस्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियम कोअर यांच्या सांध्यातून गळत असेल तर पत्र्याची कड उघडून आतलं रबरी गॅस्केट बदलतो. टाकीलाच तडा गेला असेल तर इपॉक्सी लावून आम्ही देत नाही, कारण गरम-थंड होताना प्लॅस्टिक हलतं आणि सांधा सुटतो. टाकी वेगळी मिळाली तर टाकी, नाहीतर रेडिएटर. जाळीचे पत्रे हाताने चुरगळण्याइतके कुजले असतील तर दुरुस्तीचे पैसे वाया घालवू नका.

काढलेला रेडिएटर आम्ही हवा भरून पाण्याच्या हौदात बुडवतो. बुडबुडे कुठून येतात ते तुम्ही उभं राहून बघू शकता, आम्ही बोलावतोच. गळती कुठेच दिसत नाही आणि तरी कूलंट कमी होतं, असं असेल तर हेड गॅस्केटची (इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलची) शंका येते. त्यासाठी कूलंटमध्ये इंजिनाचा जळका वायू मिसळतोय का, हे निळ्या द्रावणाने तपासतो. द्रावण पिवळं पडलं तर रेडिएटर बदलून काही उपयोग नाही, आणि तसं आम्ही स्पष्ट सांगतो.

नवीन रेडिएटरसोबत कॅपही नवीन घ्या असा आमचा आग्रह असतो. कॅपची स्प्रिंग सैल झाली की दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. कूलंट गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच भरतो. नुसत्या रंगावर जाऊन दोन प्रकार एकत्र करू नका, काही मिश्रणांचा घट्ट चिखल होतो. आणि नळाचं पाणी नको. त्यातल्या क्षारांचे थर नळ्यांत बसतात.

गाडी आणाल तेव्हा इंजिन थंड व्हायला वेळ लागतो, म्हणून जमल्यास आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. आत काय काय ओतलं आहे ते न संकोचता सांगा, आमचं निम्मं काम तिथेच वाचतं. काम झाल्यावर पहिले काही दिवस सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, रिझर्व्ह टाकीतली पातळी बघा. आत अडकलेली हवा निघून गेल्यामुळे ती सुरुवातीला किंचित खाली जाऊ शकते. त्यानंतरही उतरत राहिली तर गाडी परत घेऊन या. आम्ही केलेल्या कामाची फेरतपासणी आम्ही पैसे न घेता करतो.