कर्नल ब्लिम्प : चर्चिल यांना नको असलेला सिनेमा

ब्लिम्प मुळात व्यंगचित्रातला. डेव्हिड लो यांनी १९३४ साली लंडनच्या 'इव्हिनिंग स्टँडर्ड'मध्ये त्याला आणला: टकल्या, ढेरपोट्या, झुपकेदार मिशांचा, हमामखान्यात टॉवेल गुंडाळून जगाला अक्कल शिकवणारा निवृत्त लष्करी अधिकारी. (आर. के. लक्ष्मण आणि बाळ ठाकरे ज्यांना गुरुस्थानी मानत, तेच हे लो.)

मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर या सिनेमाकार जोडीने १९४२ मध्ये या म्हाताऱ्याला पडद्यावर तारुण्य द्यायचं ठरवलं. हा कधीतरी तरणाबांड, प्रेमात पडलेला असेलच की! नायक क्लाइव्ह कँडी दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत म्हातारा होत जातो, आणि त्याचा जिवलग मित्र चक्क जर्मन अधिकारी, थिओ. बॉम्ब पडत असताना असली कथा! युद्ध खात्याने मदत नाकारली, कँडीच्या भूमिकेसाठी हवे असलेले नट लॉरेन्स ऑलिव्हिए तेव्हा नौदलाच्या हवाई दलात होते, त्यांनाही मोकळं केलं नाही. कँडी झाले रॉजर लिव्हसी. आता दुसरं कुणी डोळ्यांपुढे येतच नाही. चर्चिल यांना सिनेमाच बंद पाडायचा होता, पण तेवढा अधिकार सरकारकडे नाही, असं त्यांच्याच माहितीमंत्र्याने कळवलं. सिनेमा जून १९४३ मध्ये लागला. अमेरिकेत पोहोचला तो १९४५ साली, कापूनछाटून.

प्रेसबर्गर हंगेरीचे ज्यू. नाझी आल्यावर बर्लिन सोडताना त्यांना दार फोडायची तसदी नको म्हणून किल्ली दारालाच ठेवून निघालेले. युद्धकाळात ब्रिटनच्या लेखी ते 'शत्रुदेशाचे नागरिक'. म्हणूनच थिओ इंग्लंडमध्ये आश्रय मागतो तो प्रसंग इतका आतून आलाय. बायको गेली, मुलं नाझी झाली, हे तो आवाज न चढवता सांगतो आणि कॅमेरा हळूच जवळ सरकतो. ही भूमिका करणारे अँटन वॉलब्रुकही व्हिएन्नाचे, नाझींमुळे देश सोडलेले.

माझा आवडता प्रसंग मात्र तरुण कँडी आणि थिओ यांच्या बर्लिनमधल्या द्वंद्वाचा. नियमांची लांबलचक घासाघीस, कपड्यांची तयारी, आणि तलवारी भिडतात न भिडतात तोच कॅमेरा वर उठून छतातून बाहेर. बाहेर बर्फ पडतंय, रस्त्यावर बग्गीत कँडीची मैत्रीण एडिथ वाट बघतेय. कोण जिंकलं ते दाखवतच नाहीत. पुढे दोघं एकाच शुश्रूषागृहात भेटतात, थिओच्या कपाळावर टाके, कँडीच्या ओठावर. ती खूण झाकायलाच कँडी मिशा वाढवतो.