उपभू (चंद्राचा)

चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे त्याचे पृथ्वीपासूनचे अंतर सतत बदलते. कक्षेतील सर्वांत जवळचा बिंदू तो उपभू, सर्वांत दूरचा तो अपभू. उपभूपाशी हे अंतर साधारण ३,५६,००० ते ३,७०,००० किमी. असते, अपभूपाशी ४,०४,००० ते ४,०७,००० किमी. चंद्र सरासरी २७.५५ दिवसांनी पुन्हा उपभूपाशी येतो, पौर्णिमा मात्र २९.५३ दिवसांनी होते. त्यामुळे दोहोंचा मेळ सुमारे ४१३ दिवसांनी बसतो.

अशा पौर्णिमेला वृत्तपत्रे ‘सुपरमून’ म्हणतात. हा शब्द १९७९ मध्ये रिचर्ड नोल या अमेरिकन फलज्योतिषाने वापरात आणला. त्याची ‘नव्वद टक्के’ जवळिकीची अट (अपभूपासून उपभूपर्यंतच्या फरकाचे निदान नव्वद टक्के जवळ आलेला चंद्र) सैल असल्याने वर्षात असे तीन-चार चंद्र सहज निघतात.

सिद्धांतग्रंथांत (प्राचीन भारतीय खगोलग्रंथांत) गणिताचा आधार उपभू नसून अपभू, म्हणजे मंदोच्च, हा आहे. त्यासमोरचा बिंदू नीच. महायुगात (४३,२०,००० वर्षांत) चंद्रोच्चाचे भगण (पूर्ण फेरे) आर्यभट ४,८८,२१९ देतो, तर सूर्यसिद्धांत ४,८८,२०३. दोन्हींवरून एक फेरा सुमारे ८.८५ वर्षांचा येतो. उपलब्ध सूर्यसिद्धांताचा काळ वादग्रस्त आहे. तो आर्यभटानंतरचा असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. फलज्योतिषात वृश्चिक राशीतील चंद्राला नीच (दुर्बल) म्हणतात, तो याहून वेगळा. दोहोंची गल्लत सर्रास होते.

उपभूजवळ चंद्राची गती वाढते आणि तिथी लहान होते. सरासरी तिथी ५९ घटींची (एक घटी म्हणजे २४ मिनिटे). ‘बाणवृद्धी रसक्षय’ (साठ घटींवर बाण म्हणजे पाचाची वाढ, रस म्हणजे सहाची घट) या परंपरागत नियमाने ती ६५ घटींहून मोठी वा ५४ हून लहान नसावी. प्रत्यक्षात ती ५० ते ६७ घटींपर्यंत जाते. जुन्या गणितात चंद्राला सुमारे ५ अंशांचा एकच मंदफलसंस्कार (मध्यम म्हणजे सरासरी स्थानात करायची दुरुस्ती) होता. तो ग्रहणांपुरता, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या पर्वकाळी, जुळतो. अष्टमीच्या सुमारास मात्र चंद्र मध्यम स्थानापासून साडेसात अंशांपर्यंत ढळतो. मुंजाल या ज्योतिर्विदाने लघुमानस या ग्रंथात (सुमारे शके ८५४) दुसरा संस्कार सांगितला, तरी पंचांगांत तो रुळला नाही. एकोणिसाव्या शतकातील गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांच्यापासूनच्या दृक्‌प्रत्ययवादाला (पंचांग आकाशात प्रत्यक्ष दिसते त्याशी जुळावे या मताला) झालेल्या विरोधात ‘बाणवृद्धी रसक्षया’चा नियम वारंवार पुढे येई.

कोजागरीला चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतो, अशी समजूत आहे. २०२४ च्या कोजागरीला ती खरी ठरली. त्या रात्री चंद्र सुमारे ३,५७,००० किमी. वर होता. ३० ऑक्टोबर २०२० च्या कोजागरीला मात्र तो नेमका अपभूपाशी, ४,०६,००० किमी. हून दूर होता. दुधात उतरलेल्या त्याच्या प्रतिबिंबावरून हा फरक कोणाच्या लक्षात येणे कठीण. उपभूचा पूर्णचंद्र अपभूच्या पूर्णचंद्रापेक्षा व्यासाने जेमतेम १४ टक्के मोठा भासतो. क्षितिजावरचा थोराड चंद्र हा दृष्टिभ्रम होय.

चंद्राच्या जवळिकीचा भूकंपाशी लावला जाणारा संबंधही अशीच समजूत. ११ मार्च २०११ च्या जपानमधील भूकंपाचे खापर १९ मार्चच्या ‘सुपरमून’वर फोडले गेले, पण भूकंपाच्या वेळी अपभू होऊन पाचच दिवस झाले होते. समुद्रावरचा परिणाम मात्र खरा आहे. भरतीचे बल अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे उपभूजवळच्या अमावास्या-पौर्णिमेचे उधाण नेहमीपेक्षा वर चढते.