कूटचलनाची साठवण

कूटचलनाची साठवण : बिटकॉइन, ईथर इत्यादी कूटचलनांवरील ताबा सिद्ध करणारी गुप्त किल्ली जपून ठेवण्याच्या रीती. 'साठवण' हा शब्द रूढ असला तरी थोडा फसवा आहे. नाणी कोणाच्याही फोनमध्ये किंवा यंत्रात नसतात. त्यांची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवरील सामाईक खातेवहीत असते, आणि ती नोंद पुढे कोणाच्या नावे फिरवायची याचा अधिकार खाजगी किल्लीने केलेल्या स्वाक्षरीला असतो. त्यामुळे 'वॉलेट' म्हणजे पाकीट या नावापेक्षा किल्ल्यांचा जुडगा हे नाव वस्तुस्थितीला जवळचे ठरले असते. पाकीट हरवले तर आतले पैसे जातात. येथे यंत्र हरवले तरी किल्लीची प्रत असल्यास काहीच जात नाही. उलट यंत्र जागेवर असून प्रत दुसऱ्याच्या हाती गेली तर सर्व जाते.

बिटकॉइनची खाजगी किल्ली ही २५६ द्विमान अंकांची (० किंवा १ अशा बिटांची) एक यादृच्छिक संख्या असते. तिच्यापासून विवृत्तीय वक्राच्या गणिताने सार्वजनिक किल्ली आणि तिच्यापासून पत्ता निघतो. पत्त्यावरून किल्लीकडे उलटे जाता येत नाही. किल्ली विसरल्यास ती नव्याने देणारी बँक किंवा कार्यालय नाही. यूपीआयचा पिन विसरला तर तो पुन्हा ठरवता येतो, या सवयीने येणाऱ्या नवशिक्याला हा फरक प्रथम मनावर ठसवून घ्यावा लागतो.

जानेवारी २००९ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या मूळ प्रणालीत सर्व किल्ल्या वॉलेट.डॅट नावाच्या एका फाइलीत असत. प्रत्येक खर्चानंतर उरलेली मोड नव्या किल्लीवर जमा होई, आणि २०१० पासून प्रणाली अशा शंभर किल्ल्या आधीच तयार करून ठेवी. शंभर संपल्यावर बनलेल्या किल्ल्या जुन्या बॅकअपमध्ये नसत. म्हणजे फाइलीची प्रत इमानेइतबारे काढून ठेवणाऱ्यालाही, ती शिळी झाल्यामुळे, नाणी गमवावी लागण्याचा धोका होता. साठवणीची पुढील महत्त्वाची सुधारणा या एका दोषातून निघाली.

एकाच बीजापासून, म्हणजे एका मूळ गुप्त संख्येपासून, हव्या तितक्या किल्ल्या क्रमाने निर्माण कराव्यात, म्हणजे प्रत एकदाच काढावी लागेल, ही सूचना ग्रेगरी मॅक्सवेल यांनी जून २०११ मध्ये चर्चेत मांडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या टॉमस व्होग्टलिन यांच्या इलेक्ट्रम प्रणालीने ती अमलात आणली, आणि बीज बारा इंग्रजी शब्दांत लिहून घेण्याची सोय दिली. २०१२ मध्ये पीटर व्हुइले यांनी बीजापासून किल्ल्यांचा वंशवृक्ष काढण्याची सर्वमान्य पद्धत 'बिप ३२' या प्रस्तावात मांडली (बिप म्हणजे बिटकॉइनमधील सुधारणेचा क्रमांकित प्रस्ताव). सप्टेंबर २०१३ च्या 'बिप ३९' ने, म्हणजे मारेक पालातिनुस, पावोल रुस्नाक, आरन व्हॉइझिन व शॉन बो यांच्या प्रस्तावाने, शब्दांची यादी व रूप ठरवून दिले. आजच्या बहुतेक वॉलेटांत 'सीड फ्रेज' म्हणून जे बारा किंवा चोवीस शब्द दिसतात ते या शेवटच्या प्रस्तावाचे. येथे त्यांना बीजशब्द म्हटले आहे.

बीजशब्दांचे जनकत्व कोणाचे, याविषयी एकमत नाही. बिप ३९ ला मूळ मानण्याचा प्रघात आहे, तो प्रसारामुळे. इलेक्ट्रमचे शब्द त्याआधी सुमारे दोन वर्षे वापरात होते, तेव्हा कूटचलनापुरता अग्रमान तिकडे जावा हे अधिक सयुक्तिक दिसते. मात्र कल्पना त्याहून जुनी आहे. डिसेंबर १९९४ च्या 'आरएफसी १७५१' या इंटरनेट दस्तऐवजात १२८ द्विमान अंकांची किल्ली माणसाला वाचता यावी म्हणून २,०४८ लहान इंग्रजी शब्दांच्या यादीतून बारा शब्दांत लिहिण्याची रीत दिलेली आहे. यादी २,०४८ शब्दांचीच, किल्ली १२८ अंकांची आणि शब्दही बाराच, हे साम्य केवळ योगायोगाचे नसावे. अर्थात गणितही तिकडेच नेते : २,०४८ म्हणजे दोनाचा अकरावा घात, त्यामुळे प्रत्येक शब्द नेमके अकरा द्विमान अंक वाहतो आणि बारा शब्दांत १३२ अंक मावतात. त्यांपैकी १२८ यादृच्छिक व ४ पडताळ्याचे. इलेक्ट्रमची पहिली यादी वेगळ्या हिशेबाची होती. तीत १,६२६ शब्द होते व ते आधुनिक इंग्रजी कवितेतील शब्दांच्या वारंवारतेच्या यादीवरून घेतले होते. १,६२६ चा घन ४,२९,८९,४२,३७६ येतो आणि दोनाचा बत्तिसावा घात ४,२९,४९,६७,२९६ आहे. तीन शब्दांत ३२ अंक बसवण्यास पुरणारी ही लहानात लहान यादी होय. संख्या शब्दांत गुंफून स्मरणात ठेवण्याची हौस आपल्याकडील ज्योतिषांनाही होती. भूतसंख्या व कटपयादी या पद्धती त्यातूनच आल्या. परंतु बीजशब्दांशी त्यांचे नाते केवळ साधर्म्याचे आहे, वारशाचे नाही.

बिप ३९ ची यादी इंग्रजीत 'अबॅन्डन' पासून 'झू' पर्यंत जाते. पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द ओळखू यावा अशी तिची निवड आहे. फ्रेंच, स्पॅनिश, जपानी, कोरियन, चिनी इत्यादी भाषांच्या याद्याही प्रस्तावाला जोडलेल्या आहेत. मराठी किंवा अन्य कोणत्याही भारतीय भाषेची नाही. ही उणीव व्यवहारात जाणवते. मराठी वापरणाऱ्याने बीजशब्द देवनागरीत उतरवून ठेवले तर घात होऊ शकतो, कारण 'बरोबर' या अर्थाचा राइट आणि 'लिहिणे' या अर्थाचा राइट हे दोन्ही शब्द यादीत आहेत व देवनागरीत त्यांत फरक उरत नाही. म्हणून शब्द रोमन लिपीतच, सुट्या मोठ्या अक्षरांत, क्रमांक घालून लिहावेत. पडताळ्याचे अंक अशी चूक बहुधा पकडतात, पण नेहमी नाही; बारा शब्दांच्या बीजात सोळांतून सरासरी एक चुकीची रचनाही ग्राह्य ठरते.

शब्दांपासून प्रत्यक्ष बीज काढताना बिप ३९ मध्ये २,०४८ आवर्तनांची एक गणिती क्रिया होते, आणि तीत वापरणाऱ्याने ठरवलेले जादा परवलीचे वाक्य मिसळता येते. त्याला 'पंचविसावा शब्द' असेही म्हणतात. हे वाक्य चुकले तर प्रणाली चूक दाखवत नाही. ती एक वेगळेच, रिकामे वॉलेट उघडते, आणि नाणी चोरीस गेली असा समज होतो. ही सोय नवशिक्याने प्रथम वापरू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. इलेक्ट्रमने बिप ३९ मध्ये आवृत्तीचा उल्लेख नसतो, या आक्षेपावरून स्वतःची वेगळी पद्धत कायम ठेवली. परिणामी एका वॉलेटचे बारा शब्द दुसऱ्यात चालतीलच असे नाही. शब्दांच्या कागदावर ते कोणत्या वॉलेटचे आहेत याची नोंद हवी.

किल्ली कोणाच्या हाती, यावरून साठवणीचे दोन मुख्य प्रकार पडतात. एक्स्चेंजवरच, म्हणजे कूटचलनांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडेच, नाणी राहू दिली तर किल्ली एक्स्चेंजची असते व ग्राहकाकडे केवळ खात्यातील आकडा असतो. टोकियोच्या माउंट गॉक्सने फेब्रुवारी २०१४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे सांगण्यात आले. त्यांतील सुमारे दोन लाख पुढे सापडले. कॅनडाच्या क्वाड्रिगासीएक्सचा संस्थापक डिसेंबर २०१८ मध्ये जयपूर येथे मरण पावला आणि किल्ल्या त्याच्याबरोबर गेल्या, ही कथा अजून सांगितली जाते. ऑन्टॅरिओच्या रोखे आयोगाने २०२० मध्ये दिलेला निष्कर्ष निराळा व अधिक ग्राह्य आहे : पैसा मुख्यतः संस्थापकाच्या स्वतःच्या लबाडीच्या व्यवहारांत बुडाला होता. मुंबईशी निगडित वझीरएक्सवर १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली. तेथील वॉलेट अनेकांच्या स्वाक्षऱ्यांनी उघडणारे होते. पडद्यावर एक व्यवहार दिसत असताना स्वाक्षरी दुसऱ्यावर झाली, असे एक्स्चेंजचे म्हणणे. ताबा-सेवा देणाऱ्या कंपनीने दोष आपल्याकडे घेतला नाही. अमेरिका, जपान व दक्षिण कोरिया यांनी जानेवारी २०२५ मध्ये हा हल्ला उत्तर कोरियाशी जोडला.

भारतात ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने आभासी डिजिटल मालमत्तेची देवघेव व सुरक्षित ताबा या सेवा आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याखाली आल्या, आणि एक्स्चेंजना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी बंधनकारक झाली. ही नोंदणी ठेवींच्या विम्यासारखी नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कूटचलन ही मालमत्ता असून ती विश्वस्त म्हणून धारण करता येते, असे म्हटले. एक्स्चेंज आणि ग्राहक यांच्यातील नाते धनको-ऋणकोचे की जुन्या निक्षेपाचे (सांभाळायला सोपवलेल्या वस्तूचे), या प्रश्नाची चर्चा त्यामुळे पुढे सरकली आहे.

किल्ली स्वतःकडे ठेवायची तर फोन किंवा ब्राउझरमधील वॉलेट हा सोपा मार्ग. ते नेटशी जोडलेले असल्याने त्याला 'हॉट' म्हणतात. खिशातल्या सुट्या पैशांइतकी रक्कम त्यात असावी. हार्डवेअर वॉलेट हे किल्ली आत ठेवून फक्त स्वाक्षरी बाहेर देणारे छोटे यंत्र असते. प्रागमधील सातोशीलॅब्झचे ट्रेझर २०१४ मध्ये बाजारात आले व ते पहिले मानले जाते. पॅरिसच्या लेजरची स्थापनाही त्याच वर्षीची. यंत्र अभेद्य नाही. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेन या एक्स्चेंजच्या सुरक्षा प्रयोगशाळेने, यंत्र हाती आल्यास ट्रेझरमधून बीज सुमारे पंधरा मिनिटांत काढता येते, हे दाखवले. तथापि घरगुती वापरणाऱ्याला खरा धोका प्रयोगशाळेकडून नसतो. लेजरच्या ग्राहकांचे पत्ते २०२० मध्ये फुटल्यावर काहींना टपालाने बनावट यंत्रे आली. ती घेऊन शब्द भरणाऱ्याने आपल्या हाताने किल्ली दिली असती. यंत्र थेट उत्पादकाकडून घ्यावे, आणि डब्यात शब्द आधीच लिहिलेले कार्ड असेल तर ते यंत्र वापरू नये. शब्द यंत्राने आपल्या डोळ्यांदेखत तयार केले पाहिजेत.

ज्या रकमेचे नुकसान झाल्यावर घराचे गणित बिघडेल ती हार्डवेअर वॉलेटवर, त्याखालची फोनवर, आणि खरेदी-विक्रीपुरती तेवढीच एक्स्चेंजवर, ही विभागणी पुष्कळांना पुरते. अनेक स्वाक्षऱ्यांची वॉलेटे आणि आदी शमीर यांच्या १९७९ च्या गुपित-विभागणीवर (एक गुपित अनेक भागांत वाटून ठरावीक भाग जुळल्यावरच ते उघडण्याच्या रीतीवर) आधारलेले शब्दसंच संस्थांना उपयुक्त आहेत. सुरुवातीला त्यांचा गुंता चोरापेक्षा मालकालाच अधिक अडवतो. कागदी वॉलेट, म्हणजे किल्ली छापून ठेवणे, एकेकाळी लोकप्रिय होते. आता कोणी सुचवू नये. स्वतः रचलेल्या वाक्यापासून किल्ली काढण्याची 'ब्रेनवॉलेट' पद्धत तर २०१५ पर्यंत पुरती उघडी पडली. कवितेच्या ओळी व म्हणी संगणक झपाट्याने तपासून पाहतात.

तालीम केल्याशिवाय मोठी रक्कम वॉलेटवर नेऊ नये, ही या विषयातील सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. शब्द लिहून घ्यावेत, थोडी रक्कम पाठवावी, मग यंत्र पूर्ण पुसून कागदावरील शब्दांनी ते पुन्हा उभे करावे. रक्कम परत दिसली तरच कागद खरा. पाठवताना पत्त्याची पहिली-शेवटची चार अक्षरे पाहून भागत नाही, कारण तसेच दिसणारे पत्ते बनवून व्यवहारांच्या यादीत घुसवले जातात. यंत्राच्या पडद्यावर पूर्ण पत्ता वाचावा. शब्दांचा फोटो काढू नये. तो बहुतेक फोनांत न विचारता क्लाउडवर जातो. शब्द विचारणारा 'ग्राहक सेवा' प्रतिनिधी चोरच असतो, याला अपवाद नाही. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच कळवावे. एक्स्चेंजपर्यंत पोहोचलेली रक्कम कधीकधी रोखता येते.

प्रत झाल्याचा मागमूस किल्लीवर राहत नाही. पुण्यातील गेनबिटकॉइन या गुंतवणूक-फसवणुकीच्या प्रकरणात पोलिसांनी तपासासाठी मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. तपासादरम्यान हाती आलेल्या वॉलेटांतील नाणी वळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. एखाद्याने शब्द क्षणभर पाहिले असतील अशी शंका आली तरी नवे बीज तयार करून रक्कम तिकडे हलवणे हाच उपाय.

कागदाला कोकणातील ओल आणि सर्वत्र वाळवी हे शत्रू. शब्द कोरलेला पोलादी पत्रा यासाठी मिळतो, आणि जाड पत्र्यावर ठशांनी घरीही ठोकता येतो. दोन प्रती दोन इमारतींत असाव्यात.

वारसांविषयीचे लेखन त्रोटक आहे. मृत्युपत्रात बीजशब्द लिहू नयेत, कारण प्रोबेटसाठी, म्हणजे न्यायालयीन प्रमाणीकरणासाठी, ते न्यायालयात दाखल झाल्यास अनेकांच्या हातांतून जाते. मृत्युपत्रात मालमत्तेचा उल्लेख करावा. यंत्र कोठे आहे, वॉलेट कोणते आहे, जादा परवलीचे वाक्य आहे की नाही आणि अडल्यास कोणाला विचारावे, एवढे मराठीत लिहिलेले पत्र घरातील एका माणसाला माहीत असलेल्या जागी ठेवावे. शब्दांचा पत्रा त्या पत्रापासून वेगळ्या जागी असावा.