अज्ञानाच्या दाव्यातील तडजोड

अठरा वर्षांखालील मुलाच्या हक्काबाबत चालू दाव्यात मोठ्यांनी केलेली तडजोड न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्या मुलाला बांधत नाही, असा दिवाणी कायद्यातील नियम. कायदा अशा मुलाला ‘अज्ञान’ म्हणतो. शब्द जरा कठोरच. पण विदर्भातल्या खेड्यात तो कोर्टाच्या आधी सातबाऱ्यावर भेटतो. बाप गेला की फेरफारात मुलाचे नाव चढते आणि त्यापुढे आईचे, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून. मुलाच्या हिश्शापुरती ती सांभाळणारी असते, मालक नव्हे.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ३२ नुसार मुलाच्या वतीने वादमित्र, म्हणजे त्याच्यासाठी कोर्टात उभा राहणारा मोठा माणूस, दावा लावतो. मूल प्रतिवादी असेल तर न्यायालय वादार्थ पालक, म्हणजे त्या दाव्यापुरता पालक, नेमते. तडजोडीची परवानगी कामकाजात स्पष्ट नोंदवावी लागते. १९७६ च्या दुरुस्तीनंतर अर्जासोबत तडजोड मुलाच्या हिताची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि वकील असल्यास त्याचे प्रमाणपत्रही लागते. परवानगी नसेल तर ती तडजोड मोडण्याचा हक्क मुलाला आहे, समोरच्या पक्षाला नाही.

नियमाची खरी कसोटी वाटणीच्या दाव्यात लागते. समोर बहुधा सख्खा काका असतो. पेरणी तोंडावर, बियाण्याला पैसा नाही, आणि ‘घरातलं घरात मिटवून टाका’ म्हणणारे गावात चार जण. विहिरीचा तुकडा काकाकडे, पडीक धुऱ्याकडची जमीन मुलाकडे, अशी पुरशीस, म्हणजे कोर्टात द्यायचे लेखी निवेदन, सहज लिहिली जाते. वकिलाचे प्रमाणपत्र मात्र साचेबंद मजकुराचे. म्हणून विहीर कुणाकडे गेली, हे न्यायाधीशानेच विचारायला हवे. आईचा स्वतःचा हिस्साही त्याच तडजोडीत ठरत असेल, तर तिचे आणि मुलाचे हित एकच आहे असे गृहीत धरता येत नाही.

पैशाच्या दाव्यात रकमेचीही राखण होते. न्यायालयाच्या परवानगीविना वादमित्राला ती उचलता येत नाही. मोटार अपघाताच्या भरपाईत मुलाचा हिस्सा सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवावा आणि व्याज पालकाला मिळावे, हे मार्गदर्शन सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सुसम्मा थॉमस प्रकरणात केले. कापसाच्या जिनिंगमध्ये कामगार दगावला, तर १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याप्रमाणे भरपाईची रक्कम त्या कायद्याखालच्या आयुक्तांकडेच जमा करावी लागे; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. जुन्या कायद्यात तेराव्याला मालकाने घरी आणून दिलेली रोकड भरपाई धरली जात नसे; तीन महिन्यांच्या मजुरीइतकी उचल तेवढी वजा होई.

कोर्टाबाहेरच्या विक्रीला हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ चे कलम ८ लागू होते: मुलाची स्वतंत्र स्थावर मिळकत विकण्याआधी नैसर्गिक पालकाने न्यायालयाची परवानगी घ्यायची. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्शाला हे कलम लागत नाही, आणि बरीच शेती तिथेच निसटते. परवानगीविना झालेली विक्री रद्द करून घ्यायला मुलाला सज्ञान झाल्यापासून तीन वर्षे, म्हणजे एकविसाव्या वाढदिवसापर्यंत मुदत असते. ‘अ.पा.क.’ हा शेरा तोवर बहुधा सातबाऱ्यावर तसाच असतो. तो काढायला वयाचा दाखला घेऊन तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) अर्ज द्यावा लागतो.