मदतकार्याचे निर्वसाहतीकरण

दुष्काळ, पूर, भूकंप किंवा युद्धात लोकांपर्यंत पोचणाऱ्या मदतीचे माप, यादी आणि पैसा बाहेरच्यांच्या हातून काढून संकटग्रस्तांच्या हाती देण्याचा विचार व व्यवहार. आंतरराष्ट्रीय संस्था ‘स्थानिकीकरण’ हा सौम्य शब्द वापरतात. त्यात बहुधा माणसे स्थानिक असतात, पण कामाची यादी वरूनच येते. ही नोंद मुख्यतः सातारा-सांगली भागाच्या अनुभवावर आहे.

या भागात विषयाचे मूळ खुद्द वसाहतकाळात सापडते. १८७६–७८ च्या दुष्काळात भारत सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड (सुमारे ४५० ग्रॅम) धान्य व एक आणा इतकी खाली आणली. बायका-मुलांना त्याहून कमी. काम घरापासून दहा मैलांच्या आत द्यायचे नाही. खरा उपाशी असेल तो चालत येईल, असा हिशोब. एवढ्या धान्यावर कष्टाचे काम करणारा माणूस तगत नाही, असा आक्षेप मद्रासचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी घेतला. मुंबई इलाख्यात मजुरांनी या दराने छावण्यांवर जायचेच नाकारले. त्यांची बाजू पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. सभेचे एक संस्थापक गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, मूळचे साताऱ्याचे. गावातून आलेला आकडा सरकारी आकड्यासमोर ठेवण्याची ही रीत आजही या विषयातले सर्वांत उपयोगी हत्यार आहे. ‘आधी गरजू असल्याचे सिद्ध कर’ ही वृत्ती मात्र १८८० च्या दुष्काळ आयोगानंतरच्या दुष्काळ संहितांत, म्हणजे मदतीच्या सरकारी नियमांत, टिकून राहिली.

तिला पहिला छेद याच मुलखात गेला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६०च्या दशकात रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर पसरली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणे हा हक्क, आणि १५ दिवसांत न मिळाल्यास बेकारी भत्ता. कसोटी आता सरकारला द्यावी लागते. अर्थात खडी-मुरुमाचे माप अजून एम.बी.तच (मोजमाप पुस्तिकेत) चढते, आणि एम.बी. लिहिणारा आला नाही की हजेरीपटावर सही असूनही मजुरी अडकते.

जागतिक पातळीवर १९९७ मध्ये सुरू झालेल्या मदतसंस्थांच्या स्फिअर प्रकल्पाने किमान मापे ठरवली: माणशी रोज १५ लिटर पाणी, २,१०० किलोकॅलरी अन्न, साडेतीन चौरस मीटर छप्पर. मापे चुकीची नाहीत. पण कृष्णाकाठचा माणूस गोठ्यातली म्हैस सोडून बोटीत बसत नाही, आणि माणशी मापात म्हैस येत नाही. जनावरांसाठी वेगळी मानके २००९ मध्ये निघाली. त्याआधी आणि नंतरही साताऱ्याच्या कोरड्या माण-खटाव तालुक्यांकडे दुष्काळात चारा छावणी हाच खरा निवारा राहिला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ फूट. (पुलाला नाव व्हाइसरॉयचे आणि पाणी अजून फुटांत.) मोफत १० किलो गहू व १० किलो तांदूळ घर दोन दिवसांहून अधिक पाण्यात असेल तरच, या अटीवर तेव्हा गहजब झाला. टेंपलची कसोटी आता मराठी बोलू लागली, एवढाच फरक. देशी मदतही या दोषातून सुटत नाही: जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले. डांबरी रस्त्यालगतच्या गावात एकाच घरी चार किट येतात आणि मळ्यातली वस्ती कोरडी राहते, कारण ट्रक वळवायला जागा नसते. बाटलीबंद पाणी येते, तेव्हा जलसुरक्षकाला (गावचे पाणी शुद्ध करणाऱ्या कर्मचाऱ्याला) हवी असते ताजी ब्लीचिंग पावडर. हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते. पण उघड्या पोत्यातली जुनी असेल तर तेवढी टाकूनही ओ.टी. टेस्टला, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासणाऱ्या चाचणीला, पिवळा रंग येत नाही.

यादी करताना रेशनकार्ड धरले की हमखास चुकते: एका कार्डावर तीन भाऊ, तीन चुली. म्हणून वस्तीवार, चूल मोजून यादी करावी. त्यात भाडेकरू, सातबारा नसलेले मजूर आणि वीटभट्टीवरची कुटुंबे आधी घ्यावीत, ती चावडीवर मोठ्याने वाचावी आणि हरकतीसाठी एक दिवस द्यावा. हा एक दिवस देणगीदाराला जड जातो. पाणी उतरून बाजार उघडला असेल तर किटऐवजी रोख बरी. उघडला नसेल तर रोख नुसती खिशात राहते.

पैशाची बाजू सर्वांत कच्ची आहे. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या देणगीदारांनी २०२० पर्यंत २५ टक्के निधी शक्य तितका थेट स्थानिक संस्थांना देण्याचे मान्य केले. ते लक्ष्य एकत्रितपणे गाठले गेले नाही. भारतात दारावर सरकार उभे आहे: २००४ च्या सुनामीत परदेशी सरकारांची मदत नाकारली, २०१८ च्या केरळ पुरातही. हा स्वाभिमान निर्वसाहतीकरणच आहे असे काही मानतात, पण निर्णय गावाऐवजी दिल्लीत होतो. परदेशी देणगी नियमन कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करणे बंद केले. तेव्हापासून मोठी संस्था स्वतःची माणसे पाठवते, आणि तालुक्याच्या छोट्या संस्थेचा कार्यकर्ता तिच्या गाडीत पुढच्या सीटवर वाट दाखवायला बसतो.